परत केलेले सिलिंडर

शेगडी दुरुस्तीच्या रांगेत सासू-सून विजेची शेगडी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे ऊर्जा खात्याच्या सल्लागार बाई होत्या, टीव्हीवर लोकांना समजावणाऱ्या.

"सासूबाई, अख्ख्या चाळीला सिलिंडर परत करायला तुम्हीच लावलंत."

"परदेशी गॅसपायी देशाचं दिवाळं निघतंय, असं टीव्हीवरची ती बाई म्हणाली ना."

"आणि आता ऐन स्वयंपाकाला वीज जाते. शेजारणी तुमच्या नावानं बोटं मोडतात."

"म्हणून तर मान खाली घालून जिना चढते. पण ती बाई खोटी नव्हती गं. तिनं स्वतःचा सिलिंडर आधी परत केला असेल."

सल्लागार बाईंनी ओढणी तोंडावर ओढली.

दुकानदाराने हाक मारली, "मॅडम, तुमची गॅसची शेगडी झाली."

सासूने वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सरक गं सूनबाई, त्यांना जाऊ दे. स्वयंपाक खोळंबला असेल त्यांचा."