मेलेल्यांची नावं

—व्हय, वाचली तू आणलेली चिठ्ठी. पादरीसाहेब विलायतेतनं लिहितात, पाशामियाँ, तर्जुमा उत्तम झाला, फक्त मेलेल्यांची नावं गाळा, इंग्रजी वाचणारा कंटाळतो. आपलंच झालं थोडं, न् व्याह्यानं धाडलं घोडं! टेक जरा, शिवशरण. माझ्या शाळंत बसायचास तसा ताठ बसू नको. सोळा वर्षं झाली या यूनानी, म्हंजे ग्रीक, लढाईच्या पोथीला — साहेबांनी ती भाषा शिकवली, मी ओळ न् ओळ इंग्रजीत आणली, डोळे गेले, पाठ गेली. राजांची भांडणं गाळ म्हणाले असते तर खुशाल गाळली असती, लई लांबड हाये त्यांची. पण नावं? अरे, त्या शायराची रीतच हाये — भाला लागून पोरगा पडला, की थांबायचं. कुणाचा पोरगा, कुठल्या गावचा, घरी कोण. दुश्मनाचा असला तरी. मग पुढं लढाई. आधी मीच वैतागायचो, एकेका दिवशी दहा-दहा मुडदे लिहून हात भरून यायचा.

आता गाळवत न्हाय. का म्हणून काय विचारतोस? — गेल्या भादव्यात पोलिस ॲक्शन झाली, नवे हाकीम परंड्यात आले, त्यांना मेलेल्यांची यादी इंग्रजीत पाहिजे. गावात इंग्रजी कुणाला? मास्तरला. किल्ल्याच्या खंदकापाशी अकराजण ठेवलेले. शिपाई चादर उचलायचा, मी ओळखून लिहायचो — नाव, बापाचं नाव, गाव. सातवा आमचा मुनवर. दोन महिने रझाकारांच्या मागं हिंडला होता, समजावून थकलो. ज्याचा पोरगा निघंल त्याच्या घराची झडती, बाप आत, असं चाललेलं. घरात दोन लेकी. हाकिमानं विचारलं, मास्तर, हा कोण? मी म्हणालो, ठाऊक न्हाय. न् लिहिलं — अनोळखी इसम. माझ्याच अक्षरात. न् लगेच म्हणालो, पुढची चादर उचला — ह्याचीच लाज वाटती बघ. कुठल्या परक्या मुलखातल्या पोरांचे बाप मी सोळा वर्षं नीट लिहिले, न् आपल्या पोराला बाप ठेवला न्हाय.

त्याच्या आईला, रजियाबीला, सांगितलंय — कराचीला गेला, कागद येईल. रोज विचारती, आला का. मी म्हणतो, तिकडचं टपाल बंद हाये. पादरीसाहेबांना कळव, एक नाव गाळणार न्हाय. छापायचं तर छापा, न्हायतर माझे कागद परत—

रजियाबी. कवापासून उभी हायस दारात?

जा, शिवशरण. जा बाबा तू आता.