उजेडाच्या तलवारीचा कागद

...न्हाई, मला एक सांगा, सेलचा शॉक बसतो का, हे बाईमाणसानं इचारलं तर त्यात हसण्यासारखं काय हाय? एकदा इचारलं. दुसऱ्यांदा इचारलं, कारण पहिल्यांदा तो नुसता हसला, उत्तर दिलं न्हाई. तिसऱ्यांदा इचारलं तर पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्या सिद्धप्पा अण्णानं हातातली तार खाली ठेवली, दुकानातल्या चार गिऱ्हाइकांकडं बघितलं आणि म्हणाला, "अक्का, तीन सेलनं माणूस मरत असता तर आपलं निम्मं खटकचिंचोळी गाव रात्री बॅटरी घेऊन शेताला जाता-जाता खपलं असतं." समदे हसले. मीबी हसले. तुम्हाला सांगते, आपल्यावर हसायलेत म्हणल्यावर आपणबी त्यांच्यात मिसळून हसावं, म्हणजे तेवढंच कमी दिसतंय.

पण इचारायची पाळी कामून आली, तेवढं ऐका. माझी रूपा. सात वर्षांची, दुसरीला. घरात बोलती, कोंबड्यांशी बोलती, भिंतीवरच्या पालीशीबी बोलती, पण शाळेच्या फाटकात पाय ठेवला की तोंडाला कुलूप. नलिनीबाई टीचरनं मला बोलावून सांगितलं की हजेरीला हिच्या वतीनं शेजारची पोरगी 'यस मिस' म्हणती, दोन वर्षं झाली, मी हिचा आवाज ऐकलेला न्हाई.  ते कुलूप कुठनं आलंय ते मला ठावं हाय ना... मी माहेरी, मुडबीच्या शाळेत, सातवीपर्यंत शिकले, आणि त्या सात वर्षांत वर्गात उभं राहून एकदाच बोलले, तेबी 'पाणी पिऊन येऊ का'. आजबी तसंच. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला की मी मागच्या बाईला म्हणते, तुम्ही घ्या आधी. पोरीला नाक बापाचं आलंय, केस सासूचे आलेत, माझ्याकडनं एवढं कुलूपच गेलंय.

तर नवरात्रात बसस्टँडजवळच्या देवीपुढं मंडळानं लहान पोरांची वेषभूषा स्पर्धा ठेवली. स्टेजवर जायचं, दोन वाक्यं बोलायची, उतरायचं. मी आपलं सहज इचारलं, रूपा, जातीस का गं? न्हाई म्हणणार म्हणूनच इचारलं हो. आणि ही म्हणाली, जाते. पण मला उजेडाची तलवार पायजे.

आता उजेडाची तलवार म्हणजे काय... शेजारच्यांच्या टीव्हीवर बघितलेली. हातात नुसती मूठ असती, खटका दाबला की तिच्यातनं उजेडाचं पातं निघतं, आणि पायापर्यंत झगे घातलेले लोक त्यानं एकमेकांशी भांडतेत. ऊंऽऽ असा आवाज येतो, जुन्या फ्रीजसारखा. हैदराबादला तयार मिळती म्हणे. हैदराबादला कोण जायलंय? माझा नवरा मल्लेश पुण्याला कंपनीत, त्याला फोन लावला. तो म्हणाला, मी इथं मशीनवर बारा तास उभा हाय आणि तू तलवार मागायलीस. मंग फोन ठेवता-ठेवता म्हणाला, घरीच कर की. घरीच कर. पापड हायेत का ते?

पण केली. पोरगी जन्मात पहिल्यांदा 'जाते' म्हणली होती. तलवार झाली न्हाई तर ती पुन्हा कधी तसं म्हणणार न्हाई, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण मी तशीच होते, एकदा मागं सरले ती सरलेच. म्हणून रूपाच्या जुन्या वहीतला मधला दुहेरी कागद काढला आणि समदं नीट मांडलं. मूठ. पातं. उजेड. रंग. आवाज. तारीख. खाली रेघ मारली. कागदावर समदं बरोबर होतं बघा.

मूठ सोपी. सासऱ्यांची तीन सेलची स्टीलची बॅटरी पडून होती, पुढची काच काढली की तोंड मोकळं. पातं म्हणल्यावर मात्र माझं डोकं लई चाललं. मी लिहिलं, ट्यूबलाईट. सरळ हाय, लांब हाय, पांढरी हाय, जन्मच तिचा उजेडासाठी झालाय, आणखी काय पायजे? उडालेली ट्यूब पदराखाली झाकून सिद्धप्पा अण्णाकडं नेली. त्यानं हात जोडले. "ब्याडा अक्का, ब्याडा." नको रे बाबा, म्हणजे. फुटली तर काच डोळ्यात जाईल, आतली भुकटी इखारी हाय. मी ट्यूब तिथंच ठेवली, घरी आले, दोन्ही हात साबणानं तीनदा धुतले, मंग रूपाचे धुतले. ती ट्यूबच्या जवळबी आली नव्हती.

मंग गवंडी लेवल बघायला वापरतेत ती पारदर्शक नळी. कागदावर बरोबर होती. बॅटरीच्या तोंडात बसवली, उभी धरली, तर ती मधनंच मोडल्यासारखी वाकली आणि लोंबायला लागली. रूपानं नुसतं माझ्याकडं बघितलं. सासूबाई तेवढ्या बोलल्या, "तलवार हाय का म्हशीचं शेपूट?"

शेवटी झेरॉक्सवाल्याकडं पुस्तकाला वरनं लावायचं जाड प्लास्टिक मिळतंय, त्याची गुंडाळी केली. आतनं पतंगाचा कागद. टोकाला चिप्सच्या पुडीची चांदी, उजेड तिथनं परत फिरावा म्हणून. ही चांदीची अक्कल सिद्धप्पा अण्णाची, मी उगं माझी म्हणत न्हाई. त्यानंच बारका पांढरा एलईडी दिवा बसवून दिला, आणि ते शॉकचं तीनदा झालं ते तवाच. वरनं मी भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडाबी टोकाला बांधला, कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. रूपा तो रोज काढून टाकायची, मी रोज बांधायची.

रंगावर माझे आठ दिवस गेले. लाल म्हणलं तर रूपा म्हणाली, लाल वाईट माणसाची असती. हिरवा करावा तर कुणी काय म्हणंल, भगवा करावा तर कुणी काय म्हणंल, निळा करावा तर कुणी काय म्हणंल... गावात समदे रंग आधीच वाटून झालेत हो, पोरीच्या खेळण्याला एक रंग शिल्लक न्हाई. पिवळा तेवढा राहिला. हळदीचा रंग, त्याला कोण काय म्हणणार? मी स्वतःवरच खूश झाले. आवाजापुढं लिहिलं, 'मी, तोंडानं, स्टेजच्या मागनं'. तारखेपुढं लिहिलं, 'सोळा, संध्याकाळी सात'. झगा म्हणून सासऱ्यांचं काळं घोंगडं, डोक्यावरनं खोळ करून. दोन वाक्यं पाठ करून घेतली, 'मी उजेडाची राखणदार हाय. अंधारा, मागं सर.' आदल्या दिवशी दार लावून खटका दाबला तर पातं खालपासनं वरपर्यंत पिवळंधमक पेटलं आणि रूपा इतकी हसली... कागदावर समदं बरोबर होतं, आता हातातबी बरोबर झालं, असं मला वाटलं.

सोळा तारखेला सकाळी उठून बघते तर देवघरापुढं पाट मांडलेला. त्यावर विळा, खुरपं, माझी भाजी चिरायची विळी, मल्लेशची पक्कड, आमच्या घराण्यात मेंढरं होती तवाची लोकर कातरायची कातर, आणि मधोमध, झेंडूचा हार घालून, हळदीकुंकू वाहून... माझी तलवार. पुढं निरंजन लावलेलं.

मी तारीख लिहिली होती हो, तिथी कुठं लिहिली होती? सोळा तारखेला खंडेनवमी. घरातली हत्यारं पूजेला मांडायची, आणि मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत पाटावरनं उचलायचं न्हाई. दहा वर्षं मी या घरात त्या दिवशी भाजी हातानं तोडून करायलेय, आणि कागद करताना हेच डोक्यात आलं न्हाई.

मी सासूबाईंना म्हणलं, आत्याबाई, ते खेळणं हाय.

"खेळणं?" त्या म्हणाल्या. "तूच दहांदा तलवार म्हणलीस. आणि रंग बघ की. देवावर उधळायच्या भंडाऱ्याचा हाय. मैलाराच्या आपल्या कुळदेवानंच करून घेतलंय तुझ्याकडनं."

देवानं करून घेतलं म्हणल्यावर माझे आठ दिवस कुठं गेले ते मी कुणाला इचारू? दिवसभर त्यांच्या मागं-मागं फिरले. पुण्याला फोन केला, तर मल्लेश म्हणाला, आईला तू सांग. आईनंच न्हाई म्हणलंय म्हणलं, तर म्हणाला, मंग मी काय सांगू, माझी पक्कडबी अडकलीय की. सहा वाजले. रूपा घोंगडं पांघरून पाटापुढं बसलेली. रडली असती तर बरं झालं असतं. रडली न्हाई. उठली, खोळ काढली, घोंगड्याची घडी घातली आणि जागच्या जागी ठेवली. म्हणाली, मी न्हाई जात.

झालं. ते 'जाते' गेलं. मी चुलीकडं तोंड करून बसले, दुसरं काय करणार?

सासूबाईंनी त्या घडीकडं बघितलं.  मंग पदर खोचला आणि म्हणाल्या, "वस्तू हलवायची न्हाई. पाट हलवायला कोण नको म्हणलंय?"

अहो, आम्ही पाट उचलला. एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं मी, मधी विळा, खुरपं, कातर, पक्कड, तलवार, नारळ आणि पेटतं निरंजन. पुढं रूपा, पुन्हा घोंगड्यात. माझ्या वाट्याला उलटं चालणं आलं. निरंजनाची ज्योत सारखी माझ्या पदराकडं झुकायली, पदर डोक्यावरनं घसरायला, सावरायला हात मोकळा न्हाई, हळद नाकात जायली, शिंकले तर कुंकू उडून कपाळभर झालं, आणि विळ्याचं टोक माझ्या पोटाकडं. बाजारातली समदी दुकानं बघायलीत. सासूबाई म्हणायल्यात, सरळ धर, नजर वर ठेव. मला आयुष्यात कुणी वर नजर ठेवून चालायला लावलं नव्हतं, तेबी मागं-मागं.

आणि पाट घेऊन थेट स्टेजवर, कारण खाली ठेवून तलवार उचलायची सोय न्हाई. कागदावर माझी जागा स्टेजच्या मागं होती. रूपा वाकली, दोन अंगठ्यांनी खटका दाबला, हळद गेल्यानं तो घट्ट झालता, आणि पेटली हो... झेंडूच्या मधनं, विळा-कातरीच्या मधनं, पाटावर पडल्या-पडल्या पिवळा उजेड सासूबाईंच्या तोंडावर आला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. आवाजाचं काम माझं होतं, ते मी इसरले न्हाई. ऊंऽऽ केलं. हात कापायलते म्हणून तेबी कापरं आलं.

मंडळाच्या एका पोरानं रूपापुढं माईक धरला. ती गप्प. मी हळूच सांगितलं, मी उजेडाची राखणदार... गप्प. सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. गप्प. खाली पहिल्या ओळीत नलिनीबाई टीचर बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. टाळ्या पडल्या, आम्ही पाट घेऊन उतरून बाजूला उभ्या राहिलो, आणि मला वाटलं, संपलं. तलवार झाली, पोरगी न्हाई झाली.

मंग बक्षिसं. भालकीहून पाहुणे आलते, चष्मेवाले, शुद्ध बोलणारे. पहिला नंबर कुणाचा, दुसरा कुणाचा, ते मी ऐकलंबी न्हाई. शेवटी ते म्हणाले, "एक खास बक्षीस. भ्यालेल्या खेडवळ सुनेची भूमिका करणाऱ्या त्या ताई. काय अभिनय. हातांची थरथर, घसरणारा पदर, फिसकटलेलं कुंकू, आणि भीतीनं तो कण्हण्याचा आवाज... इतकं बारीक निरीक्षण मी मोठ्या नाटकांतही पाहिलेलं नाही. या ताई, वर या."

माझ्या बाजूचा पाट शेजारणीनं धरला, लोकांनी मला ढकलत वर पाठवलं, आणि माझा पदर धरून रूपाबी मागनं आली. स्टीलचा डबा हातात दिला, माईक तोंडापुढं धरला, दोन शब्द बोला म्हणाले. मला सांगायचं होतं, साहेब, चुकी व्हायलीय. पण शब्द कुठला यायला? खाली एवढी माणसं, आणि पाहुणे कौतुकानं बाकीच्यांना म्हणायलेत, बघा, अजूनही भूमिकेतच आहेत.

तेवढ्यात घोंगड्यातनं एक हात वर आला आणि माईक ओढून घेतला.

"सर, ती माझी मम्मी हाय. तिनं वेष न्हाई केला. ती रोज अशीच असती."

मांडव हसून-हसून आडवा. नलिनीबाई टीचर तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि माझी रूपा, दोन वर्षं 'यस मिस' न म्हणलेली माझी रूपा, माईक सोडंना. तिनं समदं सांगितलं. ट्यूबलाईट सांगितली, म्हशीचं शेपूट सांगितलं, मम्मी साबणानं माझे हात धुती सांगितलं, सेलचा शॉक बसतो का म्हणून तीनदा इचारलं तेबी सांगितलं, तर सिद्धप्पा अण्णा गर्दीतनं बोटं वर करून तीन, तीन करायला. मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटायलं आणि डोळ्यातनं पाणीबी यायलं, आणि पाहुणे तेबी बघून मान डोलवायले. सगळ्यात शेवटी तिला आठवण झाली, तवा म्हणली, अंधारा, मागं सर.

तर असं हाय बघा. दोन वर्षं वाट बघितली की पोरगी कधी चारचौघांत तोंड उघडंल. उघडलं. पण काय बोलायचं नसतं, ते तेवढं माझं कागदावर लिहायचं राहिलं.