'नको' शेवटी येतं हो!

...नाही, मला एक सांगा, डोक्यातले सात टाके काढायला गेलेल्या माणसाला डॉक्टरनं आधी काय विचारावं? "दुखतंय का?" बरोबर ना? आमचा डॉक्टर विचारतो, "मग? बाग कशी झाली?" अहो, त्या बागेमुळेच तर टाके पडले!

तुम्हाला सांगतो, मूळ दोष या डॉक्टरचा. माझा रक्तदाब बघितला, ओठ वाकडा केला आणि नाकातून म्हणाला, "तुम्हाला शांततेची गरज आहे. परसात जपानी कोरडी बाग करा. गवत नाही, पाणी नाही, नुसती पांढरी खडी, दोन-चार दगड, आणि खडीत दाताळ्यानं रेघा ओढत बसायचं. मन निवतं." म्हटलं, वा! बायको म्हणाली, "रेघोट्याच मारायच्या तर ऑफिसात मारता तेवढ्या पुरेत की!" पण मी ऐकतोय होय?

आता कोरडी बाग करायची म्हणजे आधी हिरवळ मारायची. मारायचीच, दुसरा शब्द नाही! आणि आमचं परस म्हणजे दादाचं आणि माझं मिळून एक. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, शेजारच्या घरात राहतो. वडील जाताना बजावून गेले होते, मध्ये भिंत घालायची नाही. घातली नाही. हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, आणि दादाचा तिच्यावर असा जीव की दर रविवारी सकाळी गवत कापायचं यंत्र घरघरवत माझी अर्धी बाजूसुद्धा तोच कापणार! मी लोळत आवाज ऐकणार. त्याला आधी विचारायला हवं होतं का? हवं होतं. विचारलं का? ...पुढे ऐका.

दादा आठवडाभर बाहेरगावी गेला आणि मी गवत मारायचं औषध फवारलं. माझ्याच अर्ध्यात हं! पण जमिनीला उतार आहे हे औषधाला ठाऊक, मला नाही. मग कुदळ उचलली. पहिला घाव... अंगठ्यावर. दुसरा घाव पाण्याच्या पाइपवर! बिनपाण्याची बाग म्हणे, पहिल्या मजल्यापर्यंत कारंजं उडालं! मी एका पायावर नाचतोय, तोंडात चिखल, आणि खिडकीतून बायको, "शांतता पाहिजे होती ना? घ्या शांतता!"

दादा आला तो नेमका खडीचा ट्रक यायच्या दिवशी. यंत्र ढकलत बाहेर आला आणि बघतो तर त्याचं अर्धं परस पिवळंधमक! "कोणी मारलं हे?" मी कुदळ पाठीमागे लपवली. "तुझं मार की! माझं का मारलंस?" तेवढ्यात ट्रक मागे मागे येतोय, आणि ट्रकवाला, घशात पत्रा अडकल्यासारखा त्याचा आवाज, ओरडतो, "टाकूऽऽ का?" ट्रकच्या बरोबर मागे दादाचं यंत्र! दादा जीव खाऊन ओरडला, "टाकू नको!"

आता मला सांगा, आपल्या भाषेत 'नको' कुठे येतं? शेवटी येतं हो! आधी नाही का सांगता येत माणसाला? 'टाकू' पोचलं, 'नको' इंजिनानं खाल्लं. ट्रकवाला म्हणाला, "बरं!" आणि धाडधाडधाड... सगळी खडी! यंत्राची नुसती मूठ वर राहिली.

मग जुंपली! लहानपणी भांडलो नसू असे भांडलो. दादानं माझी गचांडी धरली, मी दाताळं फेकलं, फेकलं ते पडलं त्याच्या पायाशी, त्याचा पाय पडला दात्यांवर आणि दांडा उसळून फाडकन नाकावर! मी मारलं नाही, दाताळ्यानं मारलं, पण रक्त आलं म्हटल्यावर कोण ऐकतो? त्यानं दगड उचलला, माझ्याच बागेसाठी आणलेला, मी निवडून आणलेला, आणि घातला खांद्यात. मग फुलझाडांच्या कडेची वीट उचलली. वहिनी स्वयंपाकघरात, मिक्सर चालू, तिथूनच किंचाळली, "अहो, मारू नका!" झालं! 'नका' मिक्सरनं खाल्लं. दादा अजून म्हणतो, त्याला 'मारू' एवढंच ऐकू आलं. एरवी बायकोचं एक अक्षर ऐकत नाही हा माणूस, त्या दिवशी दोन ऐकली!

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ना? मी दोन्ही खाल्लीत, अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं. काडीचा फरक नाही!

दवाखान्यात शेजारी शेजारी. त्याच्या नाकाला पट्टी, माझ्या डोक्याला. आणि मध्ये उभी राहून बायको, "शांतता पाहिजे होती ना?" आणि मिळाली हो शांतता! दादानं बोलणं टाकलं. एक महिना, दोन महिने, तीन. बाग मी पुरी केली, खडी त्याच्याही अर्ध्यात पसरलेली, ती तशीच राहिली. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे रेघा ओढल्या. पण रविवारी सकाळी जाग यायची आणि ती घरघर नाही! खोटं कशाला बोलू, उठून खिडकीतून बघून यायचो. भिंत घातली नव्हती, तरी भिंत झालीच की...

आणि परवाच्या रविवारी आवाज आला. खर्रर्र... खर्रर्र... खिडकीतून बघतो तर दादा! माझं दाताळं घेऊन, खडीत रेघा ओढतोय. गवत कापायचा तशाच, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याचं अर्धं, माझं अर्धं! मी अनवाणी धावलो. म्हटलं, "दादा..." त्यानं मान वर केली नाही. नुसतं म्हणाला, "बोलू..."

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! तीन महिन्यांनी! ट्रक नाही, मिक्सर नाही, स्वच्छ ऐकू आलं, 'बोलू'! म्हटलं, "बोल ना दादा, मनातलं सगळं बोल!" आणि मला अजून अक्कल नाही बघा, इतकं होऊनसुद्धा...

"...नको. रेघ चुकते."

बसलो पायरीवर. आता रोज सकाळी येतो, तासभर रेघा ओढतो, मला खडीवर पाय ठेवू देत नाही. काल डॉक्टर म्हणाला, "बघा, बागेनं रक्तदाब कसा झकास उतरला!"

माझा नाही हो... दादाचा!