धुक्या आणि वीजराणीची जोड

शांतावहिनी, आण्णा वस्ताद, गल्लीतली मंडळी, गारगोटी-वडगावाहून आलेले पाहुणे,

मला बोलायला उभं केलंय खरं, पण जमेल असं वाटत नाही. तीस वर्षं गणित शिकवतोय, फळ्यापुढं कधी हातात कागद धरला नाही. आज धरलाय. दिनकर कुंभार जाऊन बारा दिवस झाले. मी त्याचा जिवाभावाचा मित्र, असं सगळे म्हणतात. खरं सांगू? मी त्याच्यावर जळायचो.

हसू नका. खरंच जळायचो. आत्ता हॉलच्या दारात चपलांचा ढीग बघितला आणि मनात पहिला विचार काय आला? माझ्या वेळी एवढी माणसं येतील का!

आमच्या खेळाचं नव्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. गल्लीत केबल नुकतीच आली होती आणि टीव्हीवर सारखे परदेशी सुपरहिरो उडत होते. दिनू गणपती करणारा माणूस. एक दिवस घरी आला आणि बोटभर उंचीच्या चार मूर्ती माझ्या टेबलावर मांडल्या. म्हणाला, "सर, ह्ये आपलं सुपरहिरो." एक वीजराणी, उडत उडत वीज फेकणारी. एक गुऱ्हाळ्या, तोंडातून उकळती काकवी सोडणारा. एक रंकाळ्याच्या तळाशी राहणारा. आणि एक गगनबावड्याचा धुक्या, जो कुणाला दिसतच नाही.

मी विचारलं, "दिसत नाही त्याची मूर्ती कशी केलीस रे?"

"फकस्त पाय केल्यात. वर धुकं हाय की!"

तिथंच मी पहिल्यांदा जळलो. मला जन्मात असं सुचलं नसतं.

मूर्ती त्याच्या, नियम माझे, असं ठरलं. दोन वर्षं मी वही भरत होतो. कुणी किती सरकायचं ते फूटपट्टीनं मोजायचं. वार लागला की हुकला, ते फाशावर. आणि प्रत्येक हिरोला त्याच्या ताकदीचे गुण. दोघांचे गुण सारखे असले की लढत बरोबरीची. साधं गणित होतं.

दिनूनं ती वही कधी उघडली नाही. आपले आण्णा मैदानात जोड कशी लावतात? दोन पैलवान समोर उभे केले, एक नजर टाकली, 'ह्याला ह्यो' म्हणाले, संपलं. दिनूचं तसंच. मूर्ती हातात घ्यायचा, जरा फिरवून बघायचा आणि जोड लावायचा. त्यानं लावलेली लढत शेवटच्या फाशापर्यंत कुणाची ते कळायचं नाही. दर वेळी! माझ्या गुणांवर लावलेली लढत कधी पाच मिनिटांत आटपायची, कधी आटपायचीच नाही. मग मी रात्रंदिवस गुण बदलत बसायचो.

खेळ दाखवायला आम्ही एक जुनं दार घेऊन फिरायचो. त्यावर दिनूनं अख्खं कोल्हापूर रंगवलं होतं. गणपतीच्या मांडवात, शाळांच्या गॅदरिंगला, वडगावच्या बाजारात ते दार आडवं टाकायचं आणि दिनूनं सुरू करायचं. "उठली वीजराणी! आता गुऱ्हाळ्याचं काय खरं न्हाय मंडळी!" माणसं एकमेकांच्या खांद्यावरनं वाकून बघायची. मी कडेला, वही छातीशी धरून. गारगोटीत एका म्हाताऱ्यानं मला काय म्हणावं? "ओ पावणं, जरा बाजूला सरका. दिनूशेट दिसंना झाल्यात." खेळाचा एकेक नियम मी लिहिलेला, आणि मीच आडवा येत होतो!

मघाशी आण्णा बोलले. म्हणाले, दिनूची नजर पक्की, आयुष्यात एकदाच जोड चुकली गड्याची. तुम्ही हसलात. प्रेमानंच हसलात. पण मला खुर्चीत बसवेना.

ती जोड दिनूनं लावलेली नव्हती. मी लावली होती.

मुंबईचा एक खेळण्यांचा व्यापारी आला होता. पसंत पडलं तर खेळ छापून देशभर विकणार होता. शाळेच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं, तुमच्यातले निम्मे तिथं होते. सकाळी मी दिनूला म्हणालो, आज जोड मी लावणार. गुणांवर. वीजराणी साठ, धुक्या साठ.

दिनूनं दोन्ही मूर्ती हातात घेतल्या. "सर, ही जोड न्हाय. ती वर उडती, ह्यो दिसंना. ह्यांची गाठच पडायची न्हाय."

मी म्हणालो, "तू मूर्ती कर. गणित मला कळतं." हेव्यानं बोललो. त्याला ते कळलं. त्यानं मूर्ती खाली ठेवल्या.

पुढचं तुम्ही बघितलंय. वीजराणीला धुक्या दिसेना, ती वीज टाकणार कुणावर? धुक्याचा हात वर पोचेना. फासे पडतायत, फूटपट्टी फिरतेय, आणि वीस मिनिटं काहीही होत नाही. ओरडून ओरडून दिनूचा आवाज बसला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. व्यापाऱ्यानं घड्याळ बघितलं आणि विचारलं, "ही लढत लावली कुणी?"

आपल्या गावात कुस्ती रटाळ झाली की लोक पैलवानाला बोलत नाहीत, जोड लावणाऱ्याला बोलतात. मी वहीत डोकं खुपसलं. दिनू म्हणाला, "म्या लावली. नजर चुकली माजी."

मी मान वर केली नाही. आणि वहिनी, मला बरं वाटलं. याचंही एकदा चुकलं असं आता लोक म्हणतील, म्हणून बरं वाटलं.

व्यापारी खेळ न घेताच गेल्यावर मी त्याला विचारलं, का केलंस असं? म्हणाला, "नियमच चुकल्यात असं लोकांस्नी वाटलं तर खेळात काय ऱ्हातंय, सर? माजं काय, मी गणपती करीन की." त्यानंतर त्यानं जोड लावायचं सोडलं. कुणी गळ घातली तरी 'नजर चुकती माजी' म्हणून हात मागं घ्यायचा. मग खेळ मी दाखवायला लागलो. माणसं कमी कमी होत गेली आणि एक दिवस कुणीच आलं नाही.

पंधरवड्यापूर्वी दवाखान्यात गेलो तो हा हेवा त्याच्यापुढं कबूल करायला. बघतो तर खाटेभोवती पाच-सहा पेशंट, सलाईनच्या बाटल्या घेऊन उभे. दिनू औषधाच्या बाटल्यांची झाकणं मांडून खेळ दाखवत होता. मला बघून म्हणाला, "ह्ये बघा, सर आलं. खेळ ह्यांचा हाय, मी नुस्ता दाखवतो." त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत त्याच्याकडं वळले. आणि मी, मंडळी, तिथंही जळलो. मरायला टेकलेल्या माणसावर जळलो. केळी ठेवली, शाळेची वेळ झाली म्हणालो आणि निघालो. सुट्टीचा दिवस होता तो. चार दिवसांनी तो गेला.

आण्णा, तुमचं वाक्य तेवढं मागं घ्या. दिनूची जोड कधीही चुकली नाही.

आता दोन मिनिटं उभं राहू या. दवाखान्यात सांगायचं राहिलं ते मी त्याला तेवढ्यात सांगतो. तुम्ही फक्त गप्प राहा.