लॅबच्या टाकीतलं पाणी

वहिनीसाहेब, गुरुजन, सरांचे विद्यार्थी, जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

माईक माझ्या हातात द्यायला नको होता. मी माणिक. हणमंते सरांच्या लॅबमधला शिपाई. सारी नोकरी सरांच्या हाताखाली काढली, पर चार माणसांत बोलायची सवय न्हाई. सांभाळून घ्या.

आत्ता साहेब लोक बोलले, सर लई मोठे प्राध्यापक होते. हाव, होते. कारखान्यातलं यंत्र आपलं आपण कसं चालावं, कुठं थांबावं, हे त्यांनी शिकवलं. त्यांची पोरं साखर कारखान्यापासून रिफायनरीपर्यंत गेली. पर एक सवाल कुणीच इचारला न्हाई. ज्या एम.ई.च्या वर्गासाठी सर नांदेडची पक्की नोकरी सोडून लातूरला आले, तो वर्ग हितं कधीच का निघाला न्हाई?

ते मला ठाऊक हाय.

जिल्हा नवा झाला होता तवाची गोष्ट. कॉलेज पत्र्याच्या शेडात. सरांनी सोता एक टाकी उभी केली. पाणी कमी झालं की व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, भरलं की मिटायचा. तेच पाणी वर्षभर खाली-वर फिरायचं. बाजूला एक सुई कागदावर लाल रेघ ओढायची, पाणी किती हाय त्याची.

आन् दुष्काळ पडला. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न्हाई. माझी पोरगी तवा पाच महिन्यांची. काय करावं माणसानं, सांगा? मी रोज पाच वाजता, कुलूप लावायच्या आधी, टाकीतून एक कॅन भरून न्यायचो. म्हणायचो, यंत्र बंद केलं, आता कुणाला कळतंय! ती सुई तरी बी चालूच राहायची, ह्याचा मला येड्याला पत्ता न्हवता.

आठ दिवसांनी सरांनी बोलावलं. कागद पुढं पसरला. रोज पाचला रेघ एक पायरी खाली. सर म्हणाले, "माणिकराव, उकळून पाजता ना लेकराला?" बस, एवढंच. कागद गुंडाळला आन् कपाटात ठेवला. मी कॅन नेतच राहिलो.

मग वर्गाला परवानगी द्यायची का न्हाई, ते बघायला समिती येणार होती. त्याच सकाळी पोरगीला जुलाब लागले. टाकीच्या तळाला एक कॅनभर उरलं होतं. दहाला कॉलेजात टँकर यायचा होता, टाकी भरायला. म्हणलं, येतोय की टँकर. नेलं. टँकर आला न्हाई.

समिती आली. सरांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह सगळाच्या सगळा उघडला. सुई तळाला. थेंब न्हाई. एक साहेब हसून म्हणाले, "प्रोफेसर, यंत्र बंद दिसतंय तुमचं."

सर म्हणाले, "नाही साहेब, चालू आहे. पाणी मागतंय."

"मग पाणी कुठाय?"

मी दाराशी उभा. सरांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. म्हणाले, "दुष्काळ आहे साहेब."

मी बोलायला पायजे होतं का न्हाई? पायजे होतं. जीभ उचलली न्हाई. वर्ग दुसऱ्या कॉलेजला गेला. सर रिटायर होस्तवर त्याच टाकीवर शिकवत राहिले.

मागल्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होतो. म्हणलं, सर, त्या दिवशीचं पाणी मी नेलं. सरांचे ओठ हलले. मला वाटलं, तहान लागली. चमच्यानं पाणी घातलं. आत जाईना. उशीवर ओघळलं. दुसरा चमचा घातला. तो बी उशीवर. मी काय करू, मंडळी? तुम्हीच सांगा, मी काय करू? ज्या माणसानं माझं लेकरू जगवलं, त्याला मला एक चमचा पाणी पाजता आलं न्हाई.

ती पोरगी तिसऱ्या रांगेत बसली हाय. तिला हे आजच कळायलंय. बाई, रडू नको गं. तू रडलीस तर मला पुढचं बोलता यायचं न्हाई.

सर नव्या पोरांना सांगायचे, यंत्राला लगेच हात लावू नका. आधी गप उभं राहून बघा, ते काय मागतंय. आता आपण बी तसंच उभं राहू. वहिनीसाहेब, तुम्ही बसूनच राहा.

सर, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं, तर समितीनं बी बघितलं असतं. ते मला तवाच कळलं होतं.

जय भीम, सर.