मोटर चालू

ऋषिराज : आबा, आईचा फोन कुणी चालू केला?

सर्जेराव : मीच. निमगावाहून येताना पिशवीत टाकून आणला. सुप्रिया सूनबाईला म्हणलं, जरा चार्जिंगला लाव. तिचा एखादा चांगला फोटू निघतोय का बघावं. का रं?

ऋषिराज : सुप्रियानं त्याला घरच्या वाय-फायला जोडलंय. माझ्या लॅपटॉपवर आईचे रिपोर्ट यायला लागलेत.

सर्जेराव : दवाखान्याचं?

ऋषिराज : नाही हो. रानातली मोटर घरून चालू करायचं ॲप करून दिलं होतं ना मी तिला? ते मधेच बंद पडलं, की त्याआधी काय काय घडलं ते फोन टिपून ठेवतो आणि मला पाठवतो.

सर्जेराव : तिला जाऊन महिना झाला. आत्ता कुठनं पाठवतोय?

ऋषिराज : वाय-फाय असेल तरच पाठव, असं मीच करून ठेवलं होतं. तिचा नेटपॅक संपू नये म्हणून. आपल्या रानात कुठलं आलंय वाय-फाय?

सर्जेराव : ऱ्हाऊ दे ते. चल, जेवून घे.

ऋषिराज : तुम्ही म्हणाला होता, त्या दिवशी तिनं फोन हातातच घेतला नाही. सवयीनं सरळ मोटरच्या स्टार्टर पेटीकडं गेली आणि करंट बसला.

सर्जेराव : व्हय. सवयच हुती तिची तशी.

ऋषिराज : मग हे कुणाचं आहे? त्याच सकाळचं आहे बघा. ‘मोटर चालू’ दाबलं, ॲप बंद पडलं. परत उघडलं, परत दाबलं, परत बंद. खालपर्यंत हेच आहे, आबा.

सर्जेराव : मला काय कळतंय त्यातलं?

ऋषिराज : आबा, खरं सांगा.

सर्जेराव : दाबत हुती. माझा पाय प्लास्टरमधी, मी खाटंवर, नि ती उशाला बसलेली. म्हणायची, ऋषीनं केलंय म्हंजी चालणारच, माझंच बोट नीट लागंना. पदराला बोट पुसायची, नि परत दाबायची.

ऋषिराज : आणि मग?

सर्जेराव : मग उठली. म्हणली, टोमॅटो सुकायला लागलाय, पेटीवरच दाबून येती.

ऋषिराज : मग माझ्याशी खोटं का बोललात?

सर्जेराव : एक तर गेली. तू तरी ऱ्हावास म्हणून.

(ऋषिराज लॅपटॉपवरच्या त्या ओळी पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवतो.)

सर्जेराव : ते पुसता येतंय न्हवं?

ऋषिराज : येतं. एका बटणात.

सर्जेराव : मग पूस.

ऋषिराज : कसं पुसू? बनाबाई काकीच्या फोनमध्ये तेच ॲप आहे. त्यांचंही असंच बंद पडेल, मग त्याही पेटीकडं जातील. नेमकं कुठं बिघडतंय, ते आईच्या या ओळींतच सापडणार. दुसरीकडं कुठंच नाही.

सर्जेराव : मग वाच की.

ऋषिराज : नाही वाचवत, आबा. ओळीओळीला तिचं बोट आहे. तिचं काहीच चुकत नव्हतं, आणि ती पुसत बसली होती.

(सर्जेराव काठी भिंतीला टेकवतात आणि खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसतात.)

सर्जेराव : पहिल्यापासनं वाच. मोठ्यानं. तवाबी मी जवळच हुतो.