आतल्या पत्र्यावरचा अंगठा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिक्षिकाबाई मांडीवर प्रिंटर घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. पुढच्या मावशींच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा कारागिराने टेबलावर आडवा करून उघडला होता. कानांना काही झाकण नसतं.

"पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. नवा प्रोसेसर कुणी बसवला, मावशी?"

"मीच. यांनी आणून ठेवला होता. रविवारी बसवतो म्हणाले. तो रविवार काही त्यांना लाभला नाही."

"अरेरे... बसवलाय अगदी बरोबर. पण बोर्ड जुना, त्याला हा पाहुणा ओळखीचा नाही. आधी जुना लावून बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं करायचं, मग हा. जुना टाकून नाही ना दिलात?"

"हा काय, त्यांच्या चष्म्याच्या डबीत."

"शाब्बास! आणि प्रोसेसर तापू नये म्हणून लावायची पेस्ट इथे आतल्या पत्र्यावर कशी? आख्खा अंगठा उमटलाय."

"त्यांचाच, मागच्या वेळचा. हात बरबटला की दिसेल तिथे पुसायचा. पडदा म्हणू नका, उशी म्हणू नका. तीस वर्षं ओरडून थकले मी."

अर्ध्या तासाने स्क्रीन उजळली.

"बघा मावशी, नवा पळतोय घोड्यासारखा!"

"चालला? चला, त्यांचं एक काम तरी मार्गी लागलं. झाकण लावायच्या आधी तो अंगठा जरा बघू द्या."

"तो मघाशीच पुसला. स्पिरिटने. लख्ख!"

"पुसलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, ओरडून थकले म्हणून."

"हो. म्हटलं खरं."